एकत्र जमण्याची जागा

६ ऑक्टोबर

टँकर रिकामा करायची नवी जागा आजपासून चालू झाली. ती कडुलिंबाच्या झाडाला लागून आहे. कोणी ठरवली ते विचारलं, तर तिघांनी तीन नावं सांगितली.

आमचा नांदेडचा कारखाना सोयाबीनमधून तेल काढतो. त्यासाठी हेक्झेन लागतं, ते या टँकरने येतं. हेक्झेन पेट्रोलसारखं पेटतं आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून सखल भागाकडे सरकते. कारखान्यातला सर्वांत सखल भाग कडुलिंबाखालचा. भोंगा वाजल्यावर सगळ्यांनी जमायची जागाही कडुलिंबाखालचीच. म्हणजे गळती झाली तर आम्ही चारशे माणसं शिस्तीत नेऊन वाफेत उभी करणार. त्यातले निम्मे हमाल बिडी ओढतात.

मी वजनकाट्यामागचं पटांगण सुचवलं. उंच आहे, मोकळं आहे, वारा तिकडून इकडे वाहतो. प्लांट मॅनेजर निवृत्ती साहेबांनी नकाशा पाहिला आणि लगेच मान्य केलं. "लावा कागद," म्हणाले. मग स्वतःच थांबले. "न्हाई, तुम्ही लावू नका. लातूरहून संवाद विभागाकडनं येऊ द्या."

गेल्या वर्षी कोणीतरी भिंतीवर बोनसचा खोटा कागद चिकटवला होता. तेव्हापासून लातूरच्या अंतर्गत संवाद विभागाशिवाय भिंतीवर काहीही लागत नाही. 'शौचालय बंद आहे' ही पाटीही तिथूनच आली. ती येईपर्यंत शौचालय दुरुस्त झालं होतं. पाटी काढायचा कागद अजून आलेला नाही, त्यामुळे शौचालय स्वच्छ आहे.

महिनाअखेर हंगाम भरात येईल आणि रोज टँकर येतील. त्याआधी प्रत्येक माणसाला नवी जागा माहीत हवी. सुरक्षेच्या कागदावर सही माझी आहे.

९ ऑक्टोबर

एसटीने लातूरला जाऊन आले. मुख्य कार्यालय मार्केट यार्डाजवळ आहे. खाली डाळीचा धुरळा, वर एसी. अंतर्गत संवाद विभाग म्हणजे एक खोली, एक रंगीत प्रिंटर आणि मन्मथ सर.

मन्मथ सरांचं पूर्वी उदगीरला फ्लेक्सचं दुकान होतं. आमचे मालक विरूपाक्ष अप्पा यांच्या साठीचा फ्लेक्स त्यांनी केला. तो अप्पांना एवढा आवडला की त्यांनी माणूसच उचलून आणला आणि विभागप्रमुख केला. खोलीच्या भिंतींवर अप्पा हसताना, अप्पा रोप लावताना आणि अप्पा सोयाबीनकडे बघताना आहेत.

मी चार पानी टिपण नेलं होतं. वाफेची घनता, वाऱ्याची दिशा, नकाशा, संदर्भ. मन्मथ सरांनी ते चाळलं आणि हातावर तोललं.

"लई मेहनत घेतली मॅडम तुम्ही. आता ह्यातलं इठाबाईला काय सांगू, ते सांगा."

"कोण विठाबाई?"

"तुमच्याच प्लांटला झाडू मारती की. बायकांची म्होरकी. रोज तिच्या अंगावरनं तर जाता."

मी म्हटलं, चौथ्या पानावर सारांश आहे.

मग त्यांनी विभागाचा अर्ज पुढे केला. कोणाला सांगायचं, काय सांगायचं, कधीपर्यंत. इथवर ठीक होतं. शेवटचा प्रश्न असा: 'वाचून माणसाला काय वाटलं पाहिजे?' मी लिहिलं, 'काही वाटण्याची आवश्यकता नाही. जागा कळावी.'

"असं कसं मॅडम," ते म्हणाले. "काही वाटल्याबिगर माणूस मान वर करून बघत न्हाई."

"भोंगा वाजल्यावर वाटेल."

"तवा मान वर करून काय फायदा?"

शिवाय एक नियम कळला. विभागाच्या प्रत्येक संदेशावर अप्पांचा फोटो असलाच पाहिजे. मी म्हटलं, जीव वाचवून बाहेर पडा या सूचनेवर मालकांचा हसरा चेहरा विसंगत दिसेल.

"दिसू द्या," मन्मथ सर म्हणाले. "माझा नियम न्हाई, अप्पांचा हुकूम हाय. फोटोबिगर कागद म्हंजी बापाच्या नावाबिगर लेकरू, असं म्हणतात ते."

चहा दिला. चहा चांगला होता.

११ ऑक्टोबर

संदेश आला. कंपनीच्या 'आपला परिवार' या व्हॉट्सॲप ग्रुपवर. वर अप्पा, हसरे, झेंडूच्या कमानीत. मागे गुलाबी आकाश आणि दोन कबुतरं. कबुतरांच्या पायाशी, सोनेरी अक्षरांत, माझी चार पानं एका ओळीत: 'एकत्र जमण्याची जागा आता वजनकाट्यामागे, आपल्या सुरक्षेसाठी, आपलेच अप्पा.'

खाली उत्तरं सुरू झाली. हात जोडलेल्या खुणा. मग कोणीतरी 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा अप्पा' टाकलं, आणि त्यानंतर आलेल्या प्रत्येकाने तेच टाकलं. निवृत्ती साहेबांनी 'आई तुळजाभवानी उदंड आयुष्य देवो' असं लिहिलं. जागा बदलण्याला मंजुरी त्यांनीच दिली होती.

मन्मथ सरांचा फोन. "रिप्लाय बघितले का मॅडम? रेकॉर्ड हाय."

"सर, त्यांना वाढदिवस वाटतो आहे."

"हाव, होतं कधीकधी तसं. पण पोचलं ना."

"नेमकं काय पोचलं?"

त्यांनी थोडा विचार केला. "अप्पा पोचले," म्हणाले. माणूस निदान खोटं बोलत नाही.

१३ ऑक्टोबर

सराव घेतला. भोंगा वाजवला. सगळे हसत, गप्पा मारत कडुलिंबाखाली आले. विठाबाई (आता त्या कोण ते मला माहीत आहे) खोडाला टेकून डबा उघडून बसल्या. त्यांच्या पाठीमागे टँकर उभा होता, नळी जोडलेली.

"मावशी, जागा बदलली आहे. मेसेज आला होता ना?"

"आला की. बगितला. अप्पाला हात जोडले म्या."

"त्याखाली लिहिलं होतं."

"खाली कोण बगतंय बाई. हितं सावली हाय. तिकडं काट्यामागं काय, ऊन."

गेटवरचे शेषेराव मध्येच बोलले. "अप्पाचा वाढदिवस तर श्रावणात असतोय. म्हटलं यंदा दोनदा करून राहिले का काय."

सगळे हसले. मी हसले नाही, म्हणून आणखी हसले.

संध्याकाळी मन्मथ सरांना मेल पाठवला. या वेळी फ्लेक्स हवा. एक गेटवर, एक पटांगणात. झेंडू नको, कबुतरं नकोत, सोनेरी अक्षरं नकोत, गुलाबी काहीही नको. पांढऱ्यावर काळं. चारही बाजूंनी जाड काळी चौकट, म्हणजे लांबून नजर जाईल. फोटो लागणारच असेल तर त्याच रंगसंगतीत आणि हसरा नसलेला. विषयाला गांभीर्य आहे, ते दिसलं पाहिजे. मजकूर असा: 'यापुढे एकत्र जमण्याची जागा: वजनकाट्यामागील पटांगण. सर्वांनी हातातले काम थांबवून, शांतपणे, न धावता यावे.' आणि बाण.

यात गैरसमजाला जागा नाही.

१४ ऑक्टोबर

मन्मथ सरांचा फोन. संवाद जसाच्या तसा उतरवून ठेवते, पुढे लागेल.

"मॅडम, मेल वाचला. एकदा इचार करा."

"विचार करूनच लिहिला आहे."

"न्हाई, म्हंजी... ती चौकट. फोटोला."

"चौकटीत अडचण काय आहे?"

"अडचण न्हाई. पण ते तसलं दिसतंय."

"तसलं म्हणजे कसलं?"

"आता तोंडानं कसं बोलू? अप्पा तिकडं हैदराबादला हायेत, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. अशा वक्ताला अभद्र बोलू नये."

"सर, आक्षेप असेल तर लेखी कळवा."

"असलं लेखी? आजाबात न्हाई."

"मग आक्षेप नाही असं मी धरते."

त्यांनी मागे चाललेला प्रिंटर बंद केला. मग, "अप्पा येईस्तोवर थांबायचं का? दोन-चार दिसाची तर बात हाय."

"टँकर थांबत नाहीत."

ज्या विभागाचं काम बोलणं, त्याच्या प्रमुखाला एक वाक्य पूर्ण करता येत नाही.

दुपारी नमुना आला, तो मोबाईलवर पाहिला. शुद्धलेखन बरोबर. बाणाची दिशा बरोबर. अक्षरं गेटपासून वाचता येतील एवढी. फोटो वरच्या भागात, मर्यादेत. 'मंजूर' कळवलं. उत्तरात त्यांनी हात जोडलेली खूण पाठवली. मजकूर काही नाही.

१६ ऑक्टोबर

सकाळी मागच्या गेटाने आत गेले. आमच्याकडे हेक्झेनच्या विभागात मोबाईल नेता येत नाही. नियम मीच कडक केला आहे. तो लॉकरमध्ये ठेवून पंपांची तपासणी करत होते. अकराच्या सुमारास मशीनचे आवाज एकेक करून बंद होत गेले. कंट्रोल रूममध्ये गेले तर कोणी नाही. बाहेर आले तर रस्ते रिकामे, कडुलिंबाखाली कोणी नाही.

सगळे वजनकाट्यामागे होते.

पहिली भावना समाधानाची होती, ती प्रामाणिकपणे नोंदवते. भोंगा न वाजवता पूर्ण हजेरी. बायका पुढे बसलेल्या, हमाल मागे उभे. कोणी धावत नव्हतं, हसत नव्हतं, बिडी ओढत नव्हतं. सूचनेतला शब्द न् शब्द पाळला जात होता. विठाबाई डोळे पुसत होत्या. वाफेचा त्रास असेल म्हणून मी मीटर काढून पाहिलं. शून्य.

निवृत्ती साहेब डोक्याला रुमाल बांधून उभे होते. मी जवळ जाऊन हळू आवाजात म्हटलं, "साहेब, हजेरी शंभर टक्के आहे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागे सरकले. "मॅडम, अशा टायमाला तुम्हाला हजेरी सुचती?"

तेवढ्यात मोंढ्यातले दोन अडते आले. एकाच्या हातात हार, दुसऱ्याच्या हातात शाल. त्यांनी चपला काढल्या, फ्लेक्सपाशी गेले, हार खाली ठेवला. तिथे आधीचे बरेच हार होते. "काल तर बोलणं झालतं," एकजण म्हणाला. "ऑपरेशनमध्येच गेले, लिंगैक्य झाले म्हणं."

मी फ्लेक्सकडे पहिल्यांदाच पूर्ण पाहिलं. वर अप्पा, काळे-पांढरे, न हसणारे. भोवती जाड काळी चौकट. खाली, सर्वांनी हातातले काम थांबवून शांतपणे यावे. नांदेडच्या कोणत्याही चौकात असे दोन-तीन रोज दिसतात. मजकुरात एकही चूक नव्हती.

निवृत्ती साहेबांचा मोबाईल वाजला. त्यांनी स्क्रीन पाहिली आणि हात लांब धरला, फोन तापल्यासारखा. स्क्रीनवर 'अप्पा' होतं.

"तुम्ही उचला," ते मला म्हणाले.

मी उचलला.

"कोण हाय?"

"सृष्टी, सेफ्टी."

"पोरी, माझ्या डोळ्याची पट्टी अजून निघाली न्हाई. आन् तिकडं लातूरला लोकं आमच्या घरी भेटाया येऊन राहिलेत. मंडळी रडून राहिली, म्हणती, तुमचं काय झालं? मी म्हटलं मोतीबिंदू. मला कोणी सांगन का, काय झालं माझं?"

"अप्पा, एकत्र जमण्याची जागा बदलली आहे."

"कोणाची?" अप्पा म्हणाले.

फोन स्पीकरवर लावून सगळ्यांना ऐकवावा लागला. पहिल्यांदा कोणी विश्वास ठेवला नाही. मग अप्पांनी निवृत्ती साहेबांना दोन शिव्या घातल्या, तेव्हा खात्री पटली. विठाबाई आणखी जोरात रडल्या आणि मग चिडल्या. "मंग सकाळपासून ह्यो जीव आम्ही कोणासाठी कढवला?" मोंढ्यातले अडते हार उचलावा की ठेवावा या विचारात तसेच उभे होते. शेवटी ठेवला. नेला असता तर वाईट दिसलं असतं.

लॉकरमधला मोबाईल पाहिला. बिलोलीहून आईचे सहा फोन आणि एक मेसेज. "मालक गेले म्हणं तुझे. नोकरी राहती का गं?" माझी सूचना कारखान्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला दहा दिवस लागले. ही बातमी बिलोलीला सकाळीच पोचली होती.

१८ ऑक्टोबर

अप्पा आले. काळा चष्मा, पांढरं धोतर, कपाळावर भस्म. सगळ्यांना लातूरच्या कार्यालयात बोलावलं. मी मेल उघडा ठेवून, लॅपटॉप घेऊन गेले होते. पांढऱ्यावर काळं लांबून का वाचता येतं याचे दोन संदर्भही काढून ठेवले होते.

अप्पांनी आधी परवाचा व्हिडिओ मागितला. निवृत्ती साहेबांनी काढला होता. का, ते कोणी विचारलं नाही. अप्पांनी चांगल्या डोळ्याने, फोन नाकाशी धरून, पूर्ण पाहिला. मग पुन्हा पाहिला.

"ही कोण रडून राहिली?"

"इठाबाई, अप्पा. झाडूवाली."

"हिला दिवाळीचा डबा मोठा द्या." व्हिडिओ पुढे सरकवला. "आन् सेल्सवाले कुठं हायेत? एक बी दिसंना."

"ते फिल्डवर होते, अप्पा."

"मी मेल्यावर बी फिल्डवर?"

सेल्सचे प्रमुख नखं पाहत होते.

मग अप्पांनी फोन खाली ठेवला. "ही चौकट कोणाच्या डोक्यातनं निघाली?"

मी लॅपटॉप वळवला. पण त्याआधीच मन्मथ सर उठून उभे राहिले. "माझ्या, अप्पा. डिझाईन माझं हाय. मॅडमनी नुस्ता मजकूर दिलता."

हे मला अपेक्षितच होतं. कल्पना माझी, रंग माझे, चौकटीची जाडीसुद्धा माझी; आणि मालक समोर दिसताच श्रेय घ्यायला हे पुढे. विष्णुपुरीला कॉलेजात प्रोजेक्टच्या वेळीही असंच व्हायचं. मी सांगणार होते, पण अप्पांचा आवाज चढला आणि मला विचारलं कोणीच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

मन्मथ सरांचं विभागप्रमुखपद गेलं. हंगाम संपेपर्यंत त्यांना नांदेडच्या प्लांटवर बसवलं आहे. शिवाय नवा नियम: यापुढे अप्पांचा फोटो फक्त रंगीत.

बाहेर मी त्यांना गाठलं. "सर, रचना मूळ माझी होती. नोंद बरोबर असायला हवी."

ते चपला घालत होते. "मॅडम, तुमचं प्रोबेशन कधी संपतंय?"

"डिसेंबरमध्ये."

"मंग डिसेंबरात करू की दुरुस्त."

प्रोबेशनचा इथे काय संबंध, ते कळलं नाही. विषय टाळायची त्यांची पद्धत आहे.

रात्रीचं जेवण गेलं नाही. मेसची भाजी बरी नसावी.

२५ ऑक्टोबर

दिवाळीचे डबे वाटले. झाकणावर अप्पा, रंगीत, हसरे. लोकांनी ते पाहून सुटकेचा निःश्वास टाकला.

मन्मथ सरांचं टेबल आता वजनकाट्याच्या खोलीत आहे. काम काही नाही. दुपारी बायकांच्यात बसून जेवतात, हमालांच्या पोरांची नावं पाठ करतात, कोणाच्या घरी काय चाललंय ते ऐकतात. याला संवाद म्हणायचं असेल तर बसस्टँडवरचा प्रत्येक माणूस विभागप्रमुख होऊ शकेल.

फ्लेक्स उतरवला, पण बांबू तसेच आहेत आणि त्यांच्या पायाशी वाळलेले हार. ते काढायला कोणी धजत नाही. कामगार आता त्या पटांगणाला 'अप्पा गेले ती जागा' म्हणतात. मी शेषेरावांना दुरुस्त केलं. अप्पा गेलेले नाहीत.

"हाव," ते म्हणाले, "पण जागा तर तीच हाय."

एचआरने माझ्याकडून एक पान मागितलं आहे, 'अंतर्गत संवाद विभागासोबत परिणामकारक काम कसे करावे'. माझा अनुभव ताजा आहे म्हणून. मी लिहिलं की सूचना नेमकी आणि लेखी द्यावी, नमुना बारकाईने तपासावा, आणि समोरच्याच्या अर्धवट वाक्यांत वेळ घालवू नये. त्यांना आवडलं. अप्पांचा फोटो लावून ग्रुपवर टाकलं. दोघांनी मला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

३० ऑक्टोबर

दुपारच्या सुट्टीत टँकरच्या नळीचा जोड सुटला.

ड्रायव्हरने झडप बंद करेपर्यंत बरंच हेक्झेन सांडलं होतं. भोंगा मी दाबला. मीटर घेऊन आधी कडुलिंबाकडे धावले, कारण माणसं तिथे असणार होती. जेवणाची वेळ, सावली, सगळं तिथेच. न धावता यावे हे वाक्य माझंच आहे, पण धावले.

झाडाखाली कोणी नव्हतं. डबे होते. एक उघडा होता, त्यात पिठलं आणि अर्धी भाकरी. मीटर मी झाडापाशी पोचायच्या आतच ओरडायला लागलं. त्यानंतर ते मी बराच वेळ बंद केलं नाही.

सगळे वजनकाट्यामागे होते. बसायच्या जागाही त्याच. बायका पुढे, हमाल मागे. काहींनी पदर डोक्यावरून घेतला होता. मन्मथ सर हमालांच्या रांगेतून दिवाळीचा रिकामा डबा फिरवत होते आणि प्रत्येकजण त्यात बिड्या आणि काडेपेटी टाकत होता. झाकणावर अप्पा हसत होते.

मी विठाबाईंसमोर उकिडवी बसले. "मावशी, इथे यायचं कसं कळलं?"

"कळायचं काय त्यात? अप्पा गेले तवा हितंच नव्हतो का बसलो."

"अप्पा गेले नाहीत, मावशी."

"न्हाई गेले, त्यांचं नशीब. आम्ही तर आलतो की." मग माझ्याकडे निरखून पाहिलं. "तू कामून पळत आलीस? पाणी पी."

पाणी प्यायले.

अग्निशमनवाले गेल्यावर झाडाखालच्या डब्यांची तपासणी केली. सगळं अन्न फेकावं लागलं. कोणाला काही झालं नाही.

४ नोव्हेंबर

घटनेचा अहवाल लिहिते आहे. एक रकाना: 'जमण्याच्या जागेची माहिती कामगारांना कोणत्या माध्यमातून मिळाली?' 'फलक' असं लिहिलं. खरं आहे.

पुढचा रकाना: 'फलकाची रचना कोणी केली?' इथे माझं नाव यायला हवं, आणि पुरावा म्हणून तेरा तारखेचा मेल जोडता येईल. तो मेल मन्मथ सरांकडेही आहे. चौकशीच्या दिवशी त्यांनी तो दाखवला असता तर कल्पना कोणाची हे एका मिनिटात स्पष्ट झालं असतं. दाखवला नाही. जुना मेल शोधता येत नसेल.

रकाना तूर्त मोकळा ठेवला आहे. डिसेंबरपर्यंत थांबायला हरकत नाही.

११ नोव्हेंबर

अप्पा खूश आहेत. पटांगणात कायमची लोखंडी पाटी लावायला सांगितली आहे, फोटोसह, रंगीत. मन्मथ सरांना लातूरला परत बोलावलं आहे. प्रमुखपदाचा विषय नाही.

पहिला नमुना आला. झेंडूची कमान, हसरे अप्पा, सोनेरी अक्षरं. हंगामासाठी काल नव्याने आलेल्या एका हमालाला मोबाईलवर दाखवला. "कोणाचा बड्डे हाय, म्याडम?" त्याने विचारलं.

मी मन्मथ सरांना फोन केला. "सर, हे चालणार नाही."

"मंग कसं पायजे?"

"मागच्या वेळी जसं..."

अप्पांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, हैदराबादला. वाक्य मी तिथेच सोडलं.

"कळलं, मॅडम," ते म्हणाले.

संध्याकाळी दुसरा नमुना आला. फोटो नियमाप्रमाणे रंगीत, अप्पा नियमाप्रमाणे हसरे. झेंडू गेला आहे. फोटोला चंदनाचा हार घातला आहे आणि खाली दोन बाजूंना दोन समया तेवत आहेत.

"अप्पांनी पाहिला?" मी विचारलं.

"पाहिला की. म्हणाले, आत्ता कुठं इज्जत केल्यावानी वाटतंय."

शुद्धलेखन तपासलं. बाणाची दिशा तपासली. मग नमुना मोठा करून हार नीट पाहिला.

'मंजूर' कळवलं.